गृहीत न धरणारं गद्य

जेमतेम साठ ओळींची एक फाइल. कोडच्या रिपॉझिटरीच्या, म्हणजे रिपोच्या, आत, नावाआधी टिंब असल्यामुळे एरवी डोळ्यांआड राहणाऱ्या फोल्डरात ती असते. पायथनमध्ये लिहिलेली एक साधीशी वेब-सेवा आहे. तिच्या कोडमध्ये बदल झाला की तो तपासायचा कसा, त्याचा बिल्ड कसा काढायचा आणि तो प्रॉडवर, म्हणजे खऱ्या वापराच्या सर्व्हरवर, कसा न्यायचा, हे सगळं त्या साठ ओळींत लिहिलेलं आहे. कुणी मुख्य शाखेत कोड मर्ज केला की गिटहब ती फाइल उघडतं आणि जसं लिहिलंय तसं करत सुटतं. अशी फाइल आज बहुतेक टीमच्या रिपोत सापडेल, आणि बहुतेक टीममध्ये ती कुणी वाचत नाही. या पायऱ्यांची साखळी, म्हणजे पाइपलाइन, हिरवी आहे तोवर तिच्याकडे बघायचं कारण नसतं. लाल झाली की जी ओळ फुटली तेवढी दुरुस्त करून लोक बाहेर पडतात. मला ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सलग वाचायला आवडते. चांगली लिहिलेली असली तर मनातल्या मनात ‘वा’ निघून जातं.

या ‘वा’चं कारण सांगायला हवं. दहावीच्या मराठीत आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे खण पाडून रसग्रहण लिहायला शिकवतात. त्या खणांत ही फाइल घालू गेलं तर हाती फारसं लागणार नाही. प्रतिमा नाहीत, नाद नाही, शब्दसंग्रह तर इतका तोकडा की कीव यावी. तिची खुबी वेगळीच आहे: ती काही गृहीत धरत नाही. आपण रोज जे बोलतो-लिहितो त्यातलं निम्म्याहून अधिक गृहीतावर उभं असतं. ‘नेहमीचं करून टाक’, ‘त्या फोल्डरात आहे बघ’, ‘मागच्या वेळी केलं तसंच’. ऐकणारा आपल्यातलाच असतो म्हणून हे चालून जातं. या फाइलला असा आपला माणूस मिळतच नाही, आणि त्या अडचणीतूनच तिची शैली घडली आहे.

तिच्याआधीचं गद्य आठवून बघण्यासारखं आहे. पुण्या-मुंबईच्या आयटीत ज्यांनी शनिवारी रात्री जागून रिलीज काढल्या आहेत त्यांना ते वर्ड डॉक्युमेंट आठवेल. नावात ‘फायनल’, त्यापुढे ‘नवीन’, त्यापुढे तारीख. आत क्रमांक घातलेल्या पायऱ्या: सर्व्हिस बंद करा, जुनी फाइल बाजूला ठेवा, नवी कॉपी करा, कॅश साफ करा, सर्व्हिस चालू करा. वरवर पाहता यात कमी काहीच नाही. पण कॅश कुठला, तो कुठल्या युजरनं लॉगिन करून साफ करायचा, ‘बाजूला ठेवा’ म्हणजे नाव बदलून तिथेच की दुसऱ्या डिस्कवर, हे त्यात नसायचं. ते टीममधल्या एखाद्या जुन्याजाणत्याच्या डोक्यात असायचं. तो रजेवर असला तरी त्याच्या घरच्यांना रिलीजची तारीख पाठ असायची, कारण त्या रात्री फोन येणार हे ठरलेलं. डॉक्युमेंट खोटं नव्हतं. त्या एका माणसाच्या भरवशावर लिहिलेलं होतं, इतकंच.

अशा गद्याची किंमत किती होऊ शकते, याचा हिशोब अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशननं ऑक्टोबर २०१३ मध्ये काढलेल्या एका आदेशात आहे. नाइट कॅपिटल या शेअर-दलाली कंपनीनं १ ऑगस्ट २०१२ रोजी सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक गमावले. नवा कोड आठ सर्व्हरांवर टाकायचा होता. टाकणाऱ्या तंत्रज्ञानं तो सातांवर टाकला, आठवा राहिला. दुसऱ्या कुणी ते तपासलं नाही, आणि तपासायला सांगणारी लेखी पद्धतही कंपनीत नव्हती. त्या आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा, २००३ पासून वापरात नसलेला कोड तसाच पडून होता. नव्या कोडनं जो फ्लॅग वापरायला घेतला, त्याच फ्लॅगवर पूर्वी पॉवर पेग चालू व्हायचा. बाजार उघडला आणि तो चालू झाला. ग्राहकांच्या २१२ ऑर्डरी पुऱ्या करता करता १५४ कंपन्यांच्या शेअरांत चाळीस लाखांहून अधिक व्यवहार होऊन गेले.

त्या आदेशातले दोन तपशील मला विशेष बोलके वाटतात. पहिला असा, की बाजार उघडण्याआधीच कंपनीच्या यंत्रणेनं पॉवर पेगचं नाव घेऊन ९७ इमेल आपल्याच लोकांना पाठवले होते. पण हे इमेल म्हणजे धोक्याचे इशारे आहेत असं काही ठरलेलं नव्हतं, म्हणून आल्या आल्या ते वाचायची पद्धत नव्हती. दुसरा तपशील अधिक क्रूर आहे. गडबड लक्षात आल्यावर उपाय म्हणून उरलेल्या सात सर्व्हरांवरून नवा, म्हणजे बरोबर असलेला, कोड काढून टाकण्यात आला. त्यानं गोंधळ आणखी वाढला, कारण जुना पॉवर पेग आता त्या सातांवरही मोकळा झाला.

आठ सर्व्हरांची यादी लिहून तिच्यावर एकेक करत फिरणारी फाइल असती, तर आठवा विसरायला तिथे कुणी माणूसच नसता. यादीतच सात लिहिले असते तर सातच झाले असते, हेही खरं. पण ती चूक मग मजकुरात असती, आणि मजकूर चार जणांच्या नजरेखालून जातो.

आता आपल्या फाइलकडे वळू. सुरुवातीला नाव, मग ‘ऑन’, म्हणजे कशामुळे जागं व्हायचं: मुख्य शाखेत पुश झालं तर, किंवा कुणी पुल रिक्वेस्ट उघडली तर. हा भाग भरभर वाचून पुढे गेलं तरी चालतं. खरी मजा ‘जॉब्ज’खाली सुरू होते. पहिल्या जॉबचं नाव ‘टेस्ट’, आणि तो उबुंटूच्या मशिनवर चालेल असं त्याची पहिली ओळ सांगते. गिटहबकडून प्रत्येक जॉबला एक ताजं व्हर्च्युअल मशिन मिळतं. काम संपलं की ते मोडीत निघतं. त्या मशिनला तुमची कंपनी ठाऊक नाही, कालच्या रिलीजमध्ये काय झालं ते ठाऊक नाही, शेजारच्या जॉबनं आत्ताच काय केलं तेही ठाऊक नाही.

म्हणून जॉबमधल्या पहिल्याच पायरीपाशी नवखा वाचक हमखास अडखळतो. तिथे लिहिलेलं असतं ‘चेकआउट’: ज्या रिपोत ही फाइल राहते, त्याच रिपोतला कोड आधी या मशिनवर आण. फाइल रिपोतच आहे, मग कोड आणायला वेगळं सांगायचं कशाला? सांगायचं, कारण मशिन रिपोत नाही. परगावच्या आचाऱ्याला लग्नघरचा शिधा लिहून देताना यादीत मीठही लिहावं लागतं. घरच्या माणसाला ते कुणी लिहून देत नाही. चेकआउट ही या फाइलमधली सगळ्यात साधी ओळ, आणि माझ्या मते सगळ्यात देखणी. ज्या कोडच्या पोटात ही फाइल बसली आहे, तोच कोड ती परक्यासारखा मागून घेते. शिवाय मागाल तेवढंच मिळतं. चेकआउट एरवी फक्त शेवटचं कमिट आणतं. मागचा इतिहास हवा असेल, समजा जुन्या टॅगवरून आवृत्तीचा क्रमांक काढायचा असेल, तर ‘फेच-डेप्थ: ०’ असं आणखी एका ओळीत सांगावं लागतं.

पुढची पायरी पायथन बसवते. सेवा अजून ३.१० वर आहे, आणि हा आकडा अवतरणचिन्हांत आहे. ही चिन्हं शोभेसाठी नाहीत. फाइल यॅमल या भाषेत लिहिलेली आहे, आणि चिन्हं नसतील तर यॅमल ३.१० हा दशांश अपूर्णांक समजतं. अपूर्णांकात शेवटच्या शून्याला किंमत नाही, राहिलं ३.१. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथन ३.१० आलं तेव्हा कित्येक पाइपलाइनी ‘३.१ सापडत नाही’ म्हणून लाल झाल्या. ३.९ पर्यंत कुणाला पत्ताच नव्हता की आपण आवृत्ती म्हणून संख्या लिहीत आलोय.

काहीच गृहीत न धरणाऱ्या मजकुरासाठी लोकांनी भाषा निवडली ती मात्र भलतीच मनकवडी निघाली. २००१ मध्ये जन्मलेल्या या भाषेच्या १.१ आवृत्तीत ‘यस’, ‘नो’, ‘ऑन’, ‘ऑफ’ असे शब्द दिसले की ते खरं किंवा खोटं म्हणून घेतले जात. देशांचे संक्षेप लिहिले तर नॉर्वेचा ‘एनओ’ खोटा ठरायचा; प्रोग्रामरांत याला नॉर्वेचा प्रश्न असंच नाव पडलं आहे. २००९ च्या १.२ आवृत्तीनं ही खोड काढली, पण जुन्या नियमानं वाचणारी साधनं अजून सर्रास वापरात आहेत. पायथनच्या पायवायएमएल लायब्ररीतून आपली ही फाइल वाचून बघा. वरच्या भागातला ‘ऑन’ नाहीसा होतो आणि त्या जागी ‘ट्रू’ बसतो. गिटहब तो शब्द म्हणूनच वाचतं, त्यामुळे नुकसान होत नाही. तरी साठ ओळींच्या मजकुरात पहिल्या काही ओळींतच भाषेचा हा पीळ दिसावा, याची मला दर वेळी गंमत वाटते. २०१८ मध्ये गिटहबनं अ‍ॅक्शन्स ही अशा फाइली चालवणारी सोय पहिल्यांदा दाखवली तेव्हा फाइल एचसीएल या वेगळ्या भाषेत लिहायची होती, वर्षभरात ते यॅमलवर आले. माझं मत विचाराल तर एचसीएल जास्त सरळ होती.

लायब्रऱ्या बसवण्याची पायरी थोडक्यात आटोपू. ज्या यादीतून त्या बसतात, तिच्यात प्रत्येक नावापुढे दोन बरोबरची चिन्हं आणि नेमकी आवृत्ती आहे. ‘माझ्या मशिनवर तर चालतंय’ या वाक्याचा उगम बहुतेक वेळा या दोन चिन्हांच्या अभावात सापडतो.

यानंतर ‘बिल्ड’ नावाचा जॉब येतो, आणि त्यात एक ओळ आहे: ‘नीड्स: टेस्ट’. साध्या गद्यात नंतर लिहिलेलं नंतर घडतं. जेवले आणि झोपले म्हटलं की क्रम आपोआप कळतो. इथे पानावरच्या क्रमाला काडीचीही किंमत नाही. बिल्ड हा टेस्टच्या खाली लिहिलाय म्हणून तो मागाहून चालत नाही. ही एक ओळ काढा, दोन्ही जॉब एकदम सुटतील, आणि टेस्ट फेल होत असताना शेजारी बिल्ड निवांत तयार होईल. मधेच ‘लिंट’ नावाचा एक जॉब आहे, त्याला ‘नीड्स’ नाही. तो टेस्टच्या बरोबरीनं धावतो. म्हणजे या गद्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’ फुकट मिळत नाहीत. कुणाला कुणाची गरज आहे ते सांगायचं, क्रम त्यातून निघतो. जिथे गरज सांगितलेली नाही तिथे क्रमही नाही. अनावश्यक ‘नीड्स’ घालून सगळे जॉब एका रांगेत उभे केलेल्या फाइली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. लिहिणाऱ्याला वाटलं असणार की क्रम असलेला बरा. ही फाइल तिथे हात आवरते, आणि वाचताना ते जाणवतं.

गरज सांगा, क्रम काढून घेतला जाईल, ही कल्पना जुनी आहे. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी प्रोग्रॅम बांधणारं ‘मेक’ हे साधन लिहिलं ते याच कल्पनेवर. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एकदा चिडून त्यांच्या खोलीत आले होते. बग दुरुस्त केलेला होता, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती, आणि बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये ते सकाळभर चूक शोधत बसले होते. फेल्डमन स्वतः आदल्या संध्याकाळी अशाच फेऱ्यात सापडले होते. मेकफाइलमध्ये कुठली फाइल कुठल्या फाइलींवर अवलंबून आहे ते लिहायचं आणि खाली आदेश. त्या आदेशाच्या ओळीआधी टॅब हवाच, स्पेस चालत नाही. हे चुकलं हे फेल्डमन यांच्या लौकरच लक्षात आलं, पण तोवर डझनभर मंडळी मेक वापरू लागली होती आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी टॅब तसाच ठेवला. त्या डझनभर लोकांच्या सोयीपायी जग अर्धशतक तो टॅब सोसतंय. यॅमलचा नियम बरोबर उलटा: ओळ आत घ्यायला टॅब चालतच नाही. दोन्ही फाइली एकाच रिपोत शेजारी-शेजारी नांदतात, आणि नव्या माणसाचा एडिटर एकीला तरी दुखावतोच.

बिल्डचा जॉब कंटेनरची इमेज तयार करतो आणि तिला कमिटचा चाळीस अक्षरी हॅश हेच नाव देतो. ‘लेटेस्ट’ म्हणून मोकळा होत नाही. पुढे स्टेजिंग आणि प्रॉड या दोन्ही जॉबांत तेच चाळीस अक्षरी नाव येतं. पुन्हा बिल्ड कुठेही नाही. जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली यांच्या ‘कंटिन्युअस डिलिव्हरी’ या २०१० च्या पुस्तकात हा आग्रह आहे: बिल्ड एकदाच करा आणि तोच पुढे न्या. दोनदा केलात तर तपासला एक आणि पाठवला दुसरा, असं होऊ शकतं. या फाइलमध्ये हे तत्त्व कुठे टिपणीत सांगितलेलं नाही. तेच नाव तीन ठिकाणी आलेलं दिसतं, आणि वाचणाऱ्याला समजतं.

प्रॉडच्या जॉबमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट: प्रॉडक्शन’ अशी ओळ आहे. दिसायला ती नुसती पाटी आहे, पण पाइपलाइन इथे येऊन थांबते आणि माणसाच्या होकाराची वाट बघते. तीस दिवसांत कुणी होकार दिला नाही तर जॉब आपोआप फेल होतो. होकार कुणी द्यायचा, ते मात्र फाइलमध्ये नाही. रिपोच्या सेटिंगमध्ये आहे. सगळं कोडमध्ये हवं असं म्हणणाऱ्यांना हे खटकतं. मला नाही खटकत. ही फाइल कुणीही पुल रिक्वेस्ट करून बदलू शकतो. परवानगी देणाऱ्यांची नावं त्यातच असती तर स्वतःचं नाव घालून स्वतःलाच परवानगी देता आली असती. पासवर्डांचंही असंच: फाइलमध्ये नुसतं नाव असतं, आतला मजकूर दुसरीकडे, आणि तो चुकून लॉगमध्ये छापला गेला तर गिटहब त्यावर तीन तारे मारतं.

इतकं कौतुक झाल्यावर जिथे ही फाइल घसरते ती जागाही दाखवायला हवी. मशिनच्या ओळीत लिहिलंय ‘उबुंटू-लेटेस्ट’. इमेजला नाव देताना ‘लेटेस्ट’ कटाक्षानं टाळणाऱ्या लेखकानं इथे ते सुखेनैव लिहून टाकलं आहे. या नावामागचं उबुंटू २०२४ च्या शेवटापासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत टप्प्याटप्प्यानं २२.०४ वरून २४.०४ वर गेलं. आधी तयार मिळणारी काही साधनं नव्या इमेजमध्ये नव्हती. ज्यांनी रिपोत एका अक्षराचाही बदल केला नव्हता त्यांच्याही पाइपलाइनी फुटल्या, आणि गिटच्या इतिहासात कारण शोधावं तर तिथे काहीच नव्हतं.

दुसरी घसरण जास्त गंभीर. चेकआउटसारख्या पायऱ्या म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेले प्रोग्रॅम. फाइल त्यांना नुसतं नावानं बोलावते, नावापुढे आवृत्तीचा टॅग. टॅग ही हलवता येणारी खूण आहे. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-अ‍ॅक्शन्स’च्या ‘चेंज्ड-फाइल्स’ नावाच्या अशाच एका लोकप्रिय पायरीत कुणीतरी शिरकाव केला आणि तिचे बहुतेक टॅग एका दुष्ट कमिटकडे वळवले. तेवीस हजारांहून अधिक रिपॉझिटरी ती पायरी वापरत होत्या. त्या कमिटमधला कोड मशिनच्या मेमरीतून पासवर्ड आणि टोकन उचलायचा आणि दोनदा एन्कोड करून लॉगमध्ये छापायचा. दोनदा एन्कोड केल्यामुळे गिटहबच्या ताऱ्यांना ते ओळखू आलं नाही. टॅगऐवजी आधीच्या चांगल्या कमिटचा चाळीस अक्षरी हॅश ज्यांनी लिहून ठेवला होता ते वाचले, कारण हॅश दुसरीकडे वळवता येत नाही. आपल्या फाइलमध्ये चेकआउटपुढे अजून टॅगच आहे. गिटहबची स्वतःची पायरी आहे, त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण भरवसा म्हणजे गृहीतच, आणि बाकीची फाइल ज्या कडक शिस्तीत लिहिली आहे, तिच्या मापानं ही ओळ ढिली आहे.

ही फाइल कोडच्या शेजारी राहते, याचंही श्रेय कुणाला तरी द्यायला हवं. जपानी प्रोग्रामर कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना हडसन हे पाइपलाइन चालवणारं साधन लिहिलं. सनची नवी मालक ओरॅकल हिच्याशी नावावरून बिनसल्यावर २०११ मध्ये तेच जेन्किन्स झालं. ज्यांनी जुनं जेन्किन्स वापरलंय त्यांना ती वेबपेजवरची लांबलचक फॉर्मं आठवतील: इथे टिक, तिथे चौकटीत चार ओळी, खाली ‘सेव्ह’. कुठली टिक कुणी, कधी, कशासाठी काढली याचा मागमूस सहजी लागत नसे. ट्रॅव्हिस या दुसऱ्या अशाच सेवेनं २०११ पासूनच पाइपलाइन रिपोतल्या एका छोट्या फाइलमध्ये आणली होती. जेन्किन्समध्ये हे एप्रिल २०१६ च्या २.० आवृत्तीनं रुजवलं, ‘जेन्किन्सफाइल’ या नावानं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचं कमिट आज उघडलं तर तो कोड बिल्ड करायची त्या काळची रीतही त्याच्याबरोबर मिळते. आणि पाइपलाइन बदलायची असेल तर पुल रिक्वेस्ट करावी लागते. कुणीतरी ‘हे कशाला?’ म्हणून विचारतं.

जेन्किन्सफाइल ग्रूव्हीत लिहायची असते, आणि ग्रूव्ही ही पुरी प्रोग्रामिंगची भाषा. लूप, फंक्शन, क्लास, काय हवं ते. परिणाम व्हायचा तोच झाला. पाइपलाइनीच प्रोग्रॅम होऊन बसल्या आणि त्या तपासायला आणखी एक पाइपलाइन लागेल की काय अशी वेळ आली. २०१७ मध्ये आलेल्या डिक्लरेटिव्ह पद्धतीनं बरीच शिस्त लावली. यॅमलवर मी वर इतकी टीका केली, पण त्याचं दारिद्र्य इथे कामी येतं हे कबूल. ज्यांना ते दारिद्र्य सोसवत नाही ते ‘रन’च्या खाली चाळीस-चाळीस ओळींचं शेल कोंबतात. मग ते ना धड यॅमल राहत, ना धड शेल, आणि आपल्या लॅपटॉपवर चालवून बघायची सोय नाही. मग काय, बदल करा, पुश करा, वाट बघा. कुठल्याही रिपोचा इतिहास काढा, पाइपलाइनच्या फाइलवर ‘फिक्स’, ‘फिक्स परत’, ‘आता तरी’ अशी कमिटं एका रांगेत सापडतील. आपल्या फाइलच्या लेखकानं मोठं शेल वेगळ्या स्क्रिप्टांत ठेवलंय, ‘रन’पुढे जवळपास सगळीकडे एकच ओळ. त्या स्क्रिप्टा कुणालाही आपल्या मशिनवर चालवता येतात.

‘जवळपास’ म्हणालो, कारण शेवटची पायरी थोडी लांब आहे. प्रॉडवर गेल्यावर सेवा खरंच उभी आहे का ते कर्लनं विचारायचं. कर्लचा स्वभाव असा, की सर्व्हरनं ५०० म्हणजे बोंब असं उत्तर दिलं तरी उत्तर आलं ना, म्हणून तो यशस्वी झाल्याचं सांगतो. ‘फेल’ हा पर्याय दिला तरच तो अपयश मानतो. इथे तो दिलेला आहे. गिट ब्लेम काढून पाहिलं तर तेवढा एक शब्द बाकीच्या ओळीच्या बऱ्याच नंतर, वेगळ्या माणसानं घातलेला दिसतो, आणि कमिटचा संदेश एवढाच की स्मोक टेस्ट खोटी हिरवी होती.

पण ती खरोखर लाल झाली तर पुढे काय, याबद्दल फाइल एक अक्षर बोलत नाही. मागे फिरायचं कसं, हे या साठ ओळींत कुठेच नाही. नाइट कॅपिटलच्या मंडळींचे हाल मागे फिरतानाच जास्त झाले होते हे लक्षात घेता ही उणीव लहान म्हणवत नाही. करायला अवघड अजिबात नाही: आधीची इमेज तिच्या हॅशच्या नावानं जागच्या जागी आहे, ‘ऑन’खाली हातानं चालवायचा ‘वर्कफ्लो-डिस्पॅच’ घालायचा, हॅश विचारायचा, आणि डिप्लॉयचा जॉब त्या हॅशवर पुन्हा चालवायचा. आठ-दहा ओळींचं काम आहे. मी असतो तर उबुंटूच्या त्या ओळीआधी हे हातात घेतलं असतं.